पाहुण्यांसाठी रंगवलेली धर्मशाळा

निघायच्या आधी तीन दिवस मी एक फोन केला होता. हा सगळा प्रवास त्या फोनचाच आहे, म्हणून आधी तो सांगून टाकते. नाहीतर मी घाटाचं वर्णन करत बसेन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल.

माझ्या नणंदेची मुलगी ऋता जुन्या इमारतींचं काम करते. बांधत नाही हं. कुणाला एखादी जुनी इमारत पाडायची असली, नाहीतर तिच्यात मोठा फेरफार करायचा असला, की आधी हिला पाठवतात. ही जाते, मोजते, फोटो काढते, गावातल्या माणसांशी बोलते आणि अहवाल लिहिते. 'वारसा परिणाम अहवाल' असं त्याचं भारदस्त नाव. मी एकदा विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणाली, "मामी, पाडायच्या आधी विचारायचं, पाडलं तर काय जाईल? आणि ते न घालवता काम होईल का? एवढंच."

आणि या खेपेला तिच्याकडे आली ती माझ्या माहेरची धर्मशाळा.

माझं माहेर तरीवाडी. भाट्याच्या खाडीतून आत शिरलं की काजळी नदीच्या काठाला. पूल झाला नव्हता तेव्हा तिथून होडीनं पलीकडे जायचं, त्या जागेला आम्ही तर म्हणतो. तरीवर एक बसकी, जांभ्या दगडाची धर्मशाळा. एकच लांबट खोली, तीन बाजूंनी भिंती, चौथ्या बाजूला लाकडी फळ्यांची दारं. माझे वडील गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबताचे कारभारी. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा एक फोटो नाही. त्यांच्या हातचं म्हणून जगात एकच गोष्ट होती, ती त्या धर्मशाळेच्या भिंतीवर.

रीत अशी होती. नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ वाहिला, की गलबतं निघायची. निघताना तांडेल धर्मशाळेत जायचा. चुन्याच्या गिलाव्यात खिळ्यानं त्याचं गलबत कोरलेलं असायचं. त्याच्याखाली तो एक उभी रेघ ओढायचा आणि जायचा. पावसाच्या आधी परत आला, की त्याच रेघेला खाली दोन बाजूंना वर वळलेले दोन आकडे काढायचा, गळाला असतात तसे. झाला नांगर. एक वर्ष, एक नांगर. ज्या रेघेला आकडे नाहीत ते गलबत आलं नाही. तिथं कुणाला काही वाचून दाखवायला लागत नसे.

बाबांच्या गलबताखाली नऊ नांगर होते. नऊच्या नऊ पुरे. मी पोरवयात बोट फिरवून मोजलेत.

आता ग्रामपंचायतीला तिथं सभागृह बांधायचंय. वरच्या कचेरीनं सांगितलं, आधी अहवाल आणा. ऋतानं मला सोबत चला म्हटलं आणि वर बजावलं, "मामी, तिकडे कुणाला काही कळवू नका. जसं आहे तसंच बघायचं असतं."

मी हो म्हटलं. पण फोन मी आदल्याच दिवशी करून बसले होते. भावजयीला म्हटलं होतं, "वहिनी, माझी भाची तपासायला येतेय. त्या धर्मशाळेत माणूस उभं राहील असं करा. जाळी काढा, झाडून घ्या. जरा बरं दिसू दे."

जरा बरं दिसू दे. चार शब्द.

आंबा घाट

पंचेचाळीस वर्षं कोल्हापुरात काढली, तरी आंबा घाट लागला की मला माहेर आलंसं वाटतं. मलकापूर सोडलं की हवा बदलते. घाट उतरताना कान दडपतात आणि साखरप्याला माती लाल होते. जानेवारीचे दिवस, आंब्यांना मोहोर धरलेला, गाडीच्या काचा खाली केल्या की तो गोडसर वास. एरवी मी या वाटेवर बोलून बोलून चालवणाऱ्याचं डोकं खाते. या खेपेला ऋतानंच विचारलं, "मामी, गप्प का? गाडी लागतेय?"

"नाही गं. आठवतेय."

आठवत कसली होते! फोनचं सांगू की नको, हेच चाललं होतं. मग मी मनाची समजूत घातली. झाडून घ्यायला सांगितलं, त्यात काय मोठंसं? झाडणं म्हणजे काय पाडणं नव्हे.

साखरप्याला चहाला थांबलो. ऋतानं वहीत चार प्रश्न लिहून आणले होते, ते मला वाचून दाखवले. तिथं काय आहे. त्यातलं मोलाचं काय. नव्या कामानं त्याचं किती नुकसान होईल. दुसरी वाट आहे का. "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे," ती म्हणाली. "भिंतीवरची गलबतं. कागदोपत्री त्यांचा एका ओळीचा उल्लेख नाही. ती दिसली, फोटो निघाले, तर अहवालात जीव आहे. नाहीतर ती एक जुनी खोली. जुनी खोली कुणीही पाडतं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी.

"वन्सं, कुठवर आलात? या, या. धर्मशाळा ओळखणारच नाय तुम्ही!"

चहा माझ्या हातात तसाच राहिला. वर साय धरली.

तरीवाडी, दुपार

आमच्या कोकणात पाहुणा येणार म्हटलं की आधी अंगण सारवतात. माझ्या सासरी कोल्हापूरकडे आधी मटण सांगतात. लग्न होऊन गेले तेव्हा मला याचं नवल वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "पाहुणा काय भुई चाटणार आहे का?" आणि माझी आई म्हणायची, "जेवण काय, जे असेल ते. पण घर बघून माणूस कळतो." तर हे सारवणं आमच्या रक्तातच आहे. हे मला आठवायला हवं होतं. मी कुणाला फोन केलाय, कुठल्या गावात केलाय, हे तरी.

वळणावरून धर्मशाळा दिसली आणि ऋतानं गाडी थांबवली.

बाहेरून अबोली रंग. खाली हातभर पट्टा मोरपंखी. दारांना झेंडूचं तोरण. पायरीवर रांगोळी, रांगोळीत 'सुस्वागतम'. वाडीतली पंधरावीस माणसं पुढ्यात उभी, धुतलेले कपडे घालून. आणि सगळ्यांच्या तोंडावर तो आनंद, जो दुसऱ्यासाठी मनापासून काही केलं की येतो. त्या आनंदाकडे बघवेना मला.

ऋता गाडीतून उतरली. पायरीवरची रांगोळी चुकवून आत गेली. मी मागून.

आत तिन्ही भिंती पांढऱ्याशुभ्र. नव्या रंगाचा तो डोक्यात जाणारा वास. उजवी भिंत रंगवलेली, डावी रंगवलेली. समोरची नदीकडची भिंत तर अशी गुळगुळीत, की दारातली माणसं तिच्यात सावलीसारखी दिसत होती. त्याच भिंतीवर बाबांचं गलबत होतं.

"दत्तूनं दोन दिवसांत केलंन," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "सगळी वाडी राबली."

दत्तू पेंटर पुढे आला. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. याचे वडीलही तांडेल, आमच्याच शेजारचे. एका वर्षी त्यांचं गलबत आलं नाही.

"सुलूआक्का, ही नदीकडची लय खराब होती बगा," तो म्हणाला. "नुसती ओरखडलेली. मंग पुट्टी भरली दोन हात, घासली, मंग रंग. बाकी दोन बऱ्या होत्या, त्यांना नुसता रंग मारला. येवडी सुरेख भिंत मी जल्मात केली नाय."

आता बघा, ही गंमत कुणाला सांगायची. जिथं कोरलेलं कमी, तिथं नुसता रंग. जिथं कोरलेलं जास्त, तिथं पुट्टी जास्त.

ऋतानं भिंतीवर तळहात ठेवला. मग शांतपणे विचारलं, "रंगवायला कुणी सांगितलं?"

वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं. एकदाच. "कुणी कशाला सांगाया हवं? पावणे येणार म्हटल्यावर आमचं आमीच."

आणि मी गप्प राहिले. सत्तरीची बाई, गप्प राहिले.

सरपंच प्रमोद तिथंच होता. माझ्या चुलतभावाचा मुलगा, चाळिशीचा, गाडीवरून फिरणारा. वाईट नाही हो पोरगा. ऋताला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पावसात लग्न असलं तर ताडपत्रीखाली लागतं. बायकांच्या बचत गटाला बसायला जागा नाही. ही खोली जुनी आहे, कबूल. पण सांगा, हिच्यात बघण्यासारखं काय आहे?"

ऋतानं चारी बाजूंनी नजर फिरवली आणि खरं तेच सांगितलं. "आत्ता? काही दिसत नाही."

जेवायला वहिनींकडे. तांदळाची भाकरी, सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, कालवण, कुळथाची पिठी, सोलकढी. कोल्हापुरात या सोड्यांची मी स्वप्नं बघते. एक भाकरी उतरली नाही. वहिनी वाढताना हळूच म्हणाल्या, "वन्सं, चुकलं का हो आमचं?"

"तुमचं नाही," मी म्हटलं. आणि सोलकढीची वाटी पुढे केली.

भाट्ये

चारच्या सुमाराला ऋता म्हणाली, जरा समुद्रावर जाऊ. भाट्याच्या सुरूच्या बनात बसलो. वारा सुरूंतून जाताना तो सूं असा आवाज, खाली किनाऱ्यावर कुणाची तरी पोरं ओल्या वाळूत खड्डे खणत होती. नारळ संशोधन केंद्राच्या बाजूनं बाया डोक्यावर झावळ्यांचे भारे घेऊन येत होत्या. माझं सगळं लक्ष ऋताच्या वहीकडे. ती लिहीत नव्हती. पेन्सिल नुसती धरून बसली होती.

"तुमच्या आठवणीतलं लिहिता येईल," ती म्हणाली. "पण नुसती आठवण म्हटली की लोक म्हणतात, माहेरची ओढ. पुरावा भिंतीवर होता. कुणाला ते काम सुचलं असेल, मामी? मला तर वाटतंय मुद्दाम केलं. ज्याला पाडायची घाई आहे त्यानं."

ती प्रमोदचं म्हणत होती. आणि मला कळलं, मी आता गप्प राहिले तर हे त्या पोराच्या माथी बसणार. अहवालात बसणार.

"मी सांगितलं," मी म्हटलं.

"काय?"

"मी फोन केला वहिनींना. बरं दिसू दे म्हटलं. तू बजावलंस त्याच्या आदल्या दिवशी. मग कालही सांगता आलं असतं, आज घाटात सांगता आलं असतं. नाही सांगितलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं वही मिटली. मग म्हणाली, "म्हणजे मी हे काम सोडून द्यायला हवं."

मी तिच्याकडे वळले. "का?"

"माझ्याच घरच्या माणसानं जागा बदलली, मामी. उद्या कुणीही म्हणेल, तपासणारीच सामील होती."

"मग दुसरं कुणी येईल?"

"येईल. आठ महिन्यांनी. तोवर पाऊस येईल. त्या जुन्या भिंतीवर हा प्लॅस्टिकचा रंग म्हणजे अंगाला गुंडाळलेला रेनकोट. आतली ओल बाहेर पडायला वाट नाही. चुना फुगेल आणि रंगासकट खाली येईल. रंगाखाली जे काही उरलं असेल, तेही घेऊन."

ती उठून लांब गेली आणि कचेरीतल्या साहेबांना फोन लावला. मी सुरूच्या बुंध्याला टेकून होते. दोनतीनदा तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि पुन्हा पाठ केली. लहानपणी बाबांचं गलबत यायच्या दिवसांत आई अशीच किनाऱ्याला बसायची, विचारायला कुणी नसायचं आणि उठून जाववायचं नाही.

ऋता परत आली. "साहेब म्हणतात, काम कर. पण जे झालं ते सगळं लिहायचं. आणि लोकांसमोर सांगायचं, गुपचूप नाही."

"कोण सांगणार?"

"तुम्ही," ती म्हणाली.

तरीवाडी, दुसरा दिवस

सकाळी आठला सगळे धर्मशाळेत जमले. मी उभी राहिले. भाषण मला येत नाही, बडबड येते. म्हटलं, "हे रंगवायला मी सांगितलं. म्हणजे रंगवा असं नाही म्हटलं, पण बरं दिसू दे म्हटलं. या भिंतीवर आपल्या बापजाद्यांची गलबतं होती आणि तीच बघायला ही मुलगी आली होती. वहिनी मला पाठीशी घालतायत. प्रमोदचा यात काही हात नाही. चूक माझी."

मग मागून शांताकाकी, नव्वदीच्या, दिसणं-ऐकणं कमी झालेल्या, मोठ्यानं म्हणाल्या, "ही काय मेली म्हणते? रंग आवडला नाय हिला?"

हशा झाला. मलाही हसू आलं आणि त्याबरोबर डोळे भरले.

दत्तू मात्र हसला नाही. कोपऱ्यात तोंड पाडून उभा होता. "आक्का, सांगाचंत ना. मी पुट्टीला हात नसता लावला. नुसते ओरखडे समजलो मी, असं नाय. म्हायत होतं मला. पण आमच्या बाची रेघ होती ना थयं. उघडी. आय असंपर्यंत रोज येऊन तीवर हात ठेवी. आय गेली. मंग पुट्टीचा पत्रा ओढताना मनात आलं, बुजली तर बुजली एकदाची."

नदीकडच्या भिंतीपलीकडे ओहोटीचं पाणी दगडांतून जाताना ऐकू येत होतं.

"खरवडून काढू?" दत्तूच मग म्हणाला. "मी लावली, मी काढतो."

"अजिबात नको," ऋता घाईनं म्हणाली. "खाली चुना आहे. पुट्टीबरोबर तोही येईल. ज्याला हे काम येतं त्यालाच करू दे."

"बाकीच्या दोन भिंतींला पुट्टी नाय," दत्तू म्हणाला. "नुसता रंग हाय. रंगानं खड्डा भरत नाय. आमी भिंत तपासतो ती बल्ब आडवा धरून. समोरून उजेड पाडला तर कायच दिसत नाय. आडवा धरला की नखाचा ओरखडापण कळतो."

पण धर्मशाळेची वीज कधीच तोडलेली. ऋताची बॅटरी अगदीच एवढीशी. बाहेर बघितलं तर ऊन खाडीवरून तिरकं येत होतं.

"आरसा," शांताकाकी म्हणाल्या. एवढं मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

मग जी धावपळ झाली! वहिनींच्या कपाटाचा आरसा निघेना. शेवटी दोघं जण नाक्यावरच्या सलूनमधला मोठा आरसा उचलून घेऊन आले, मागून सलूनवाला, "सांभाळून हो, सांभाळून, अर्धी दाढी तशीच आहे तिकडे!" म्हणत. आणि त्याच्यामागून ती अर्धी दाढी, फेस लावलेली, गळ्यात टॉवेल.

दारं लावली, एक फळी उघडी ठेवली. बाहेर आरसा धरला. दत्तू सांगत होता, "खाली. आजून खाली. आता भितीला चिकटवा." उन्हाचा पट्टा उजव्या भिंतीवरून आडवा, अगदी घासून गेला.

आणि भिंतीवर गलबतं उठली.

एक, दोन, मग किती तरी. शिडं, डोलकाठ्या, खाली नांगरांच्या रांगा. रंगाखालून, जशी ओल्या वाळूतून खेकड्याची बिळं दिसायला लागावीत. ऋताचा कॅमेरा थांबेना. प्रमोद भिंतीजवळ गेला, एका गलबतासमोर थांबला. शिडावर चांदणी कोरलेली. "ही आज्याची," तो म्हणाला. "आज्या छातीवर हीच गोंदवून होता." खालचे नांगर त्यानं बोटानं मोजले. हात लावला नाही, अंतरावरून मोजले.

डाव्या भिंतीवरही होती. मग आरसा टोकाच्या फळीपाशी नेऊन नदीकडच्या भिंतीवर तिरकं ऊन घातलं.

काही नाही. कोऱ्या कागदासारखी. दत्तूनं खरंच जन्मात एवढी सुरेख भिंत केली नव्हती.

कपाटामागे

त्या भिंतीला टेकून एक शिसवी कपाट आहे. त्यात वाडीच्या भजनाचे टाळ, मृदंग, पेटी. दत्तू म्हणाला, ते जड म्हणून हलवलं नाही, त्याच्या कडेपर्यंतच पुट्टी ओढली. सहा जणांनी मिळून कपाट सरकवलं. मागे हातभर रुंदीची जुनी भिंत निघाली. पिवळट चुना, कोळिष्टकं, पालीची अंडी. अहाहा, इतकी घाण जागा बघून मला एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता.

त्या पट्टीत एक गलबत होतं. अर्धं. मागची बाजू, सुकाणू, शिडाचा एक कोपरा. पुढची बाजू पुट्टीखाली गेलेली. खाली दोन नांगर, पुरे, आकड्यांसकट. आणि तिसऱ्याच्या जागी पुट्टीची कड सुरू.

मी पट्टीजवळ गेले. बाबांचं गलबत याच भिंतीवर, असंच माझ्या खांद्याच्या उंचीला होतं. पण खांदा तेव्हाचा. सात वर्षांच्या पोरीचा. आता ते कमरेला यायला हवं. हे कमरेच्या थोडं वर होतं. की मीच वाकलेय आता?

ऋतानं वही उघडली. आवाज खाली आणून म्हणाली, "मामी, हे तुमच्या बाबांचं आहे का? एका तरी गलबताला नाव देता आलं, त्या घरचं माणूस पुढे उभं आहे असं लिहिता आलं, तर फार वजन पडेल. पण खात्री असेल तरच."

सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडात हो आलं होतं. खरं सांगते, अगदी दातांपर्यंत आलं होतं. कोण नाही म्हणणार होतं? त्या गावात माझ्याएवढी आठवण असलेलं शांताकाकींशिवाय कुणी नव्हतं, आणि त्यांना दिसत नव्हतं. हो म्हटलं असतं तर धर्मशाळेचं भलं झालं असतं. माझंही. मी घरी जाऊन सांगितलं असतं, बाबांचं गलबत बघून आले.

दत्तू त्या पट्टीसमोर उकिडवा बसला होता. त्याच्या वडिलांचंही याच भिंतीवर, बाबांच्या शेजारीच होतं. त्यांचे नांगर चार आणि पाचवी रेघ उघडी. इथं दिसत होते दोन. पुट्टीखाली सात असतील तर माझ्या बाबांचं. दोन आणि एक रेघ असेल तर त्याच्या.

"तुला काय वाटतं रे?" मी विचारलं.

"मला काय कळत नाय, आक्का," तो म्हणाला. मान वर न करता.

जरा बरं दिसू दे, म्हणून एकदा बोलून बसले होते. आता आणखी एकदा?

"लिही," मी ऋताला म्हटलं. "कुणाचं, माहीत नाही."

तिनं लिहिलं. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं, "नदीकडील भिंत. अर्धं गलबत, दोन नांगर. मालक अज्ञात. उर्वरित भाग पुट्टीखाली." मग थांबली. मी म्हटलं, "पुढचंही लिही. पुट्टी कुणामुळे लागली ते. नातेवाईक-बितेवाईक नको. माझं नाव घाल."

घातलं तिनं. पुढे सही घेतली माझी.

निघताना प्रमोद गाडीपाशी आला. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे धर्मशाळा. तसं काही म्हणाला नाही. ऋताला विचारलं, "मॅडम, सभागृह वरच्या पडक्या मिठाच्या कोठाराच्या जागी सरकवलं, तर गाड्या कुठं लावायच्या?" ऋता म्हणाली, "तेच बघू. चौथा प्रश्न तोच आहे." दोघं बराच वेळ बॉनेटवर नकाशा पसरून बोलत राहिली. वहिनींनी माझ्या पिशवीत सोडे भरले, वर आमसुलं. आणि कानात म्हणाल्या, "पुढच्या खेपेला फोन नका करू हो वन्सं. नुसत्या या."

कोल्हापूर

येऊन महिना होत आला. अहवाल गेलाय. निकाल आलेला नाही. चुन्याचं काम करणारा जाणकार माणूस मेच्या आत मिळायला हवा, पाऊस त्याच्यासाठी थांबणार नाही. मी रोज ऋताला फोन करत नाही, एक दिवसाआड करते. वहिनींचा मात्र परवा आला. म्हणाल्या, कपाट परत भिंतीला लावू दिलं नाय कुणी. दत्तूनंच आडवा बांबू बांधलान, पोरं टेकू नयेत म्हणून. भजनाची पेटी आता आमच्या ओटीवर, झोपायला जागा नाय.

माझ्या लेकीनं आल्या आल्या विचारलं होतं, "आई, आजोबांचं गलबत बघितलंस?"

"एक बघितलं. अर्धं," मी म्हटलं. "त्यांचं की दत्तूच्या बापाचं, ते नाही सांगता यायचं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते मी लिंपून टाकलं," मी म्हटलं, आणि सोडे भिजत घालायला उठले.